थकलेले १४ हप्ते, रिकामं केलेलं ४०१ के आणि चॅप्टर १३ : न्यू जर्सीतल्या एका घराचं प्रकरण

नवरा-बायको, दोन मुलं, दोघंही ग्रीन कार्डवर. तो आयटीत, ती एका डेंटिस्टकडे फ्रंट डेस्कला पार्टटाइम. घर २०२० मध्ये घेतलेलं, ३० वर्षांचं फिक्स्ड मॉर्गेज, म्हणजे ठरावीक व्याजाचं गृहकर्ज, ३.२५ टक्क्यांनी, हप्ता प्रॉपर्टी टॅक्स आणि इन्शुरन्स धरून महिन्याला २,७५० डॉलर. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याची नोकरी गेली आणि जून २०२५ मध्ये ह्याच घराचा शेरिफ सेल, म्हणजे थकलेल्या कर्जापायी होणारा सरकारी लिलाव, पाच दिवसांवर आला होता. मधल्या काळात कुठले रस्ते उघडे होते, कुठला कधी बंद झाला आणि शेवटी चॅप्टर १३ ने, म्हणजे बँकरप्सीच्या (दिवाळखोरीच्या) एका प्रकाराने, घर कसं राहिलं ते सगळं इथे लिहितेय, त्यांना विचारूनच, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून आणि आकडे गोल करून. मी वकील नाही. ओळखीत कुणावर अशी वेळ आली की कागद लावून द्यायला आणि वकिलाकडे सोबत म्हणून जाते, एवढाच माझा संबंध.

ह्या केसमधली सगळ्यात जिवाला लागणारी गोष्ट आधीच सांगून टाकते. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याने जुन्या कंपनीच्या ४०१ के मधून, म्हणजे नोकरीतून निवृत्तीसाठी साठवलेल्या खात्यातून, ५२,००० डॉलर काढले. २० टक्के टॅक्सचे म्हणून जागेवरच कापले गेले, हातात आले ४१,६००. वय साडेएकोणसाठच्या आत असल्यामुळे १० टक्के दंड वेगळा, म्हणजे ५,२००, तो टॅक्स रिटर्न भरताना. हातात आलेल्या पैशातले ३०,००० गेले क्रेडिट कार्डांना आणि ८,००० गेले सख्ख्या भावाला, त्याच्याकडून सुरुवातीला उसने घेतले होते म्हणून. दोन्ही मिळून ३८,०००. आणि घर लिलावाला निघालं तेव्हा थकलेले हप्ते होते १४, म्हणजे ३८,५०० डॉलर.

असं का होतं ते त्यांच्या घरात बसल्यावर कळतं. कार्डवाल्यांचे फोन सकाळी, दुपारी, जेवताना, कधी कधी ऑफिसच्या नंबरवर सुद्धा, आवाज चढवून बोलणार, सेटलमेंटची ऑफर आजच संपतेय म्हणणार. मॉर्गेज कंपनी मात्र सुरुवातीचे काही फोन सोडले तर फक्त पत्रं पाठवते, शांत, छापील, जाड पाकिटात. जो जास्त ओरडतो त्याच्या हातावर आधी पैसे ठेवले जातात, कुणाच्याही घरात असंच होईल, ह्यात त्यांच्या हुशारीचा वगैरे काही प्रश्न नाही. पण कायद्याच्या नजरेत क्रम बरोबर उलटा आहे. क्रेडिट कार्ड, हॉस्पिटलचं बिल, पर्सनल लोन हे अनसिक्युअर्ड, म्हणजे त्यांच्याकडे तारण काहीच नाही, त्यांना तुमच्यावर केस करावी लागते, जिंकावी लागते, मग पगारातून कापणं किंवा घरावर लीन (बोजा) टाकणं वगैरे पुढचं. मॉर्गेजकडे घरच तारण आहे. आणि ४०१ के ला तर सहसा कुठल्याच सावकाराचा हात लागत नाही, अगदी बँकरप्सीत सुद्धा, सुप्रीम कोर्टाने १९९२ मध्येच हे स्पष्ट केलंय. थोडक्यात जो पैसा कुणालाच घेता आला नसता तो काढला, त्यावर दंड भरला, आणि दिला कुणाला तर ज्यांना पुढे बँकरप्सीत डॉलरमागे जेमतेम २८ सेंट मिळणार होते त्यांना.

ती मला म्हणाली, "ताई, फोन बंद व्हावेत म्हणून दिले हो, दुसरं काहीच डोक्यात नव्हतं." फोन बंद करायला पैसे लागत नाहीत. वसुली एजन्सी असेल तर एक साधं पत्र लिहून कळवायचं की माझ्याशी संपर्क करू नका, मग फेडरल कायद्याने त्यांना थांबावंच लागतं, एखादी ठरावीक नोटीस सोडून. कर्ज त्याने मिटत नाही, केस करायचा हक्कही राहतो, पण घरात शांतता येते आणि शांत डोक्याने विचार करता येतो. हा कायदा बाहेरच्या वसुली एजन्सीला लागतो, खुद्द कार्ड कंपनीला तसाच्या तसा लागत नाही, एवढं मात्र लक्षात ठेवायचं.

तारखा

नोकरी गेल्यावर एप्रिल २०२४ पर्यंतचे हप्ते त्यांनी बचतीतून भरले. मेचा पहिला चुकला. फेडरल नियम असा की हप्ता चुकल्यावर ३६ दिवसांच्या आत सर्व्हिसरने, म्हणजे जी कंपनी हप्ते गोळा करते तिने, तुमच्याशी प्रत्यक्ष बोलायचा प्रयत्न करायचा आणि ४५ दिवसांच्या आत लेखी कळवायचं की मदतीचे काय पर्याय आहेत. ते पत्र आलं होतं. त्याने मे मध्ये लोन मॉडिफिकेशनचा, म्हणजे कर्जाच्या अटी बदलून घ्यायचा, अर्ज सुद्धा पाठवला, पण अर्धा. सर्व्हिसरने उत्तर दिलं की अर्ज अपुरा आहे, अमुक अमुक कागद पाठवा, ते पाकीट दोन दिवस डायनिंग टेबलवर होतं आणि मग खालच्या ड्रॉवरमध्ये गेलं. मी पहिल्यांदा तो ड्रॉवर उघडला तेव्हा आत न फोडलेली पाकिटं तारखेप्रमाणे रबर बँड लावून ठेवलेली होती. फेकली नव्हती एकही. त्यामुळे सगळी टाइमलाइन आम्हाला जुळवता आली, हे एक बरं झालं.

अर्ज पूर्ण असणं ह्याला एवढं महत्त्व का, तर संरक्षण फक्त पूर्ण अर्जालाच आहे. कर्ज १२० दिवसांपेक्षा जास्त थकल्याशिवाय सर्व्हिसरला फोरक्लोजरची, म्हणजे तारण घर लिलावात काढायची, केस टाकता येत नाही. त्या आधी तुमचा पूर्ण अर्ज पोचला तर तो तपासून निकाल दिल्याशिवाय केस टाकता येत नाही. केस पडल्यावरही, लिलावाच्या ३७ दिवसांहून जास्त आधी पूर्ण अर्ज गेला तर त्याचा निकाल लागेपर्यंत जजमेंट मागता येत नाही, लिलावही करता येत नाही. ३७ दिवसांच्या आत गेला तर हे संरक्षण नाही. आणि कागद पोचल्यावर पाच कामकाजी दिवसांत त्यांनी कळवायचं की पूर्ण आहे का अपुरा. म्हणजे मे २०२४ मधला तो अर्ज चार कागद जोडून पूर्ण झाला असता तर निकाल काहीही लागो, घड्याळ तेवढा वेळ थांबलं असतं.

जुलैत नोटीस ऑफ इंटेन्शन, म्हणजे केस टाकणार असल्याची सूचना, आली. न्यू जर्सीत केस टाकायच्या किमान ३० दिवस आधी ही पाठवावीच लागते, किती थकलंय आणि किती भरलं की केस टळेल हे त्यात आकड्यात लिहिलेलं असतं. सप्टेंबरमध्ये सुपिरिअर कोर्टात केस पडली. न्यू जर्सी हे ज्युडिशियल फोरक्लोजरचं राज्य, बँकेला कोर्टातूनच यावं लागतं, आणि काही राज्यांत कोर्ट न लागता काही महिन्यांतच लिलाव होतो त्या मानाने इथे वेळ खूप मिळतो. समन्सला उत्तर द्यायला ३५ दिवस. समन्सबरोबरच मेडिएशनचा कागद येतो, राहत्या घरासाठी राज्याचाच प्रोग्रॅम आहे, एक तिऱ्हाईत मेडिएटर, समोर बँकेचा माणूस, आणि तुमच्या बाजूला हड-मान्य (फेडरल गृहनिर्माण खात्याने मान्यता दिलेला) हाउसिंग काउन्सेलर, जो फोरक्लोजरच्या बाबतीत फुकट मदत करतो. हे पाकीट पण रबर बँडमध्येच होतं. उत्तर नाही, मेडिएशन नाही, मग डिफॉल्ट, म्हणजे उत्तर न दिल्यामुळे एकतर्फी केस, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये फायनल जजमेंट, म्हणजे कोर्टाचा अंतिम निकाल. सगळी थकबाकी एकदम भरून जुनं कर्ज जसंच्या तसं चालू करायचा राज्याच्या कायद्यातला हक्क इथे संपला, तो फायनल जजमेंटपर्यंतच असतो.

आणि मग मार्च २०२५ मध्ये त्याला नोकरी लागली, १,०५,००० डॉलरची. पहिल्या पगारातून त्याने २,७५० चा चेक पाठवला, तो सर्व्हिसरने परत पाठवला. जजमेंट झाल्यावर असा एकेक हप्ता ते घेत नाहीत. तो चेक परत आला त्या दिवशी तिने मला फोन केला.

मध्ये एक भानगड अजून झाली होती. कोर्टात केस पडली की ती पब्लिक रेकॉर्डला येते आणि घर वाचवून देतो म्हणणाऱ्यांची पत्रं सुरू होतात. एका कंपनीने १,५०० डॉलर आधी घेतले, बँकेशी तुम्ही बोलू नका आम्ही बोलतो म्हणाले, आणि नंतर फोन उचलणं बंद. मॉर्गेज मदतीच्या नावाखाली असे आगाऊ पैसे घेणं फेडरल नियमाने बेकायदा आहे. बँकेकडून लेखी ऑफर आणून तुम्ही ती मान्य करेपर्यंत त्यांना एक डॉलरही मागता येत नाही. स्वतःच्या क्लायंटसाठी काम करणाऱ्या लायसन्स्ड वकिलाची गोष्ट वेगळी, त्याला काही अटींवर ह्यातून सूट आहे. कुणी आगाऊ पैसे मागितले, बँकेशी बोलू नका म्हटलं, किंवा घर तात्पुरतं आमच्या नावावर करा म्हटलं तर उठून यायचं.

समोर काय काय होतं

मे मध्ये वकिलाकडे गेलो तेव्हा पहिला लिलाव एप्रिलअखेरचा होता आणि घरमालक म्हणून अर्ज करून तो एकदा पुढे ढकललेला होता, हे एक काम त्याने वेळेवर केलं होतं. न्यू जर्सीत घरमालकाला शेरिफकडे असं दोनदा मागता येतं, साधारण महिना महिना. दुसऱ्यांदाही लगेच मागितलं आणि तारीख जूनअखेरला गेली.

वकीलबाईंनी पहिला प्रश्न घराबद्दल विचारलाच नाही, विचारलं की नोकरी पक्की आहे का आणि महिन्याला हातात किती येतात. दोघांचे मिळून साधारण ८,०००. मग म्हणाल्या, "आता आपल्याकडे बोलण्यासारखं काहीतरी आहे." मला हे फार पटलं. उत्पन्न नसताना घर वाचवायचे बहुतेक सगळे उपाय म्हणजे नुसता वेळ विकत घेणं असतं. नोकरी लागली नसती तर मी स्वतः त्यांना सांगितलं असतं की लिलावाची वाट बघू नका, स्वतः विका.

कारण विकणं हा खरोखरचा पर्याय होता, पराभव नव्हे. घराची किंमत ४,५०,००० च्या आसपास, सगळं धरून बँकेचं देणं ३,७५,०००, एजंट आणि बाकी खर्च २७,००० धरला तरी ४८,००० हातात. लिलावात हे पैसे राहतीलच असं नाही, लिलावात भाव पडतो. पण त्याच शाळेच्या हद्दीत भाड्याचं घर बघितलं तर भाडं हप्त्याच्याही वर जात होतं, आणि ३.२५ टक्क्यांचं कर्ज एकदा सोडलं की परत मिळणार नाही. ह्याच कारणाने मॉडिफिकेशनचाही आग्रह आम्ही धरला नाही. ३७ दिवस जवळ आले होते हे एक, आणि मॉडिफिकेशनमध्ये अनेकदा नवीन दर चालू बाजाराच्या आसपास लागतो, म्हणजे थकबाकी मुद्दलात घालून वर दरही वाढवून घ्यायचा. शॉर्ट सेल, म्हणजे बँकेच्या संमतीने कर्जापेक्षा कमी किमतीला विकणं, किंवा घराची डीड (मालकीचा कागद) बँकेला देऊन मोकळं होणं हे घराच्या किमतीपेक्षा कर्ज जास्त असणाऱ्यांसाठी, इथे तो प्रश्नच नव्हता.

चॅप्टर ७ आणि चॅप्टर १३ ह्यातला फरक आपल्या लोकांत फारसा माहीत नसतो, बँकरप्सी म्हटलं की सगळं गेलं असंच डोळ्यासमोर येतं. चॅप्टर ७ मध्ये ट्रस्टी, म्हणजे केस सांभाळायला नेमलेला माणूस, तुमची कायद्याने सूट नसलेली मालमत्ता विकून देणेकऱ्यांना, म्हणजे ज्यांचे पैसे द्यायचेत त्यांना, वाटतो आणि उरलेली अनसिक्युअर्ड कर्जं काही महिन्यांत माफ होतात. घराच्या थकबाकीचं त्यात काहीच होत नाही, लिलाव थोडा थांबतो आणि मग पुन्हा सुरू होतो. चॅप्टर १३ म्हणजे ३ ते ५ वर्षांचा हप्ता. त्यात घराची थकबाकी हळूहळू फेडायची, चालू हप्ता वेगळा नियमित भरायचा, आणि शेवटी उरलेली कार्डं वगैरे माफ. ज्याला नोकरी परत लागलीय, घर ठेवायचंय आणि मागची थकबाकी एकदम भरता येत नाही त्याच्यासाठीच जणू हा चॅप्टर केलाय.

आणि त्याची दारं फायनल जजमेंटला बंद होत नाहीत. फेडरल बँकरप्सी कायद्याप्रमाणे राहत्या घराची थकबाकी प्लॅनमधून भरायचा हक्क फोरक्लोजर सेल होईपर्यंत टिकतो, आणि न्यू जर्सी फेडरल कोर्टांच्या ज्या थर्ड सर्किट विभागात येतं तिथल्या अपील कोर्टाने २००७ मध्ये सांगितलं की लिलावात हातोडा पडला की तो हक्क संपला. त्यानंतर न्यू जर्सीत १० दिवस असतात खरे, पण त्यात सगळंच्या सगळं देणं एकरकमी भरावं लागतं. म्हणून लिलावाच्या आदल्या दिवशी अर्ज आणि दुसऱ्या दिवशी अर्ज ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सातबारा, बांगड्या आणि भावाचे ८,०००

हा भाग जरा सविस्तर लिहिते कारण आपल्याकडच्या केसेस इथेच अडतात.

बँकरप्सीच्या कागदांत तुमची जगभरातली मालमत्ता लिहावी लागते. कायद्याचे शब्दच तसे आहेत, कुठेही असो आणि कुणाच्याही ताब्यात असो. वकीलबाईंनी भारताबद्दल विचारल्यावर तो म्हणाला काही नाही. मी बाजूला बसले होते, मी विचारलं, गावाला सातबाऱ्यावर नाव आहे का? होतं. वडिलोपार्जित जमीन, वडील, काका, चुलत भाऊ अशी नावांची रांग आणि त्यात त्याचं एक. तो म्हणाला, "अहो पण ती माझी थोडीच आहे, बाबा कसतात." नाव आहे म्हणजे हिस्सा आहे आणि हिस्सा आहे म्हणजे लिहायचा. रेडी रेकनरचा दर काढला, हिश्श्याचे साधारण साडेसात लाख रुपये आले, म्हणजे ९,००० डॉलर धरले. कुणी अमेरिकन ट्रस्टी गावात येऊन शेत विकणार नाही, पण त्या ९,००० चा परिणाम प्लॅनवर कसा होतो ते पुढे सांगते. लपवलं असतं तर तो फेडरल गुन्हा, पाच वर्षांपर्यंत कैद, आणि ग्रीन कार्डवाल्या माणसाला फसवणुकीचा डाग म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. नुसती बँकरप्सी केली म्हणून ग्रीन कार्ड जात नाही, खोटं लिहिलं तर जाऊ शकतं.

मग दागिने. तिचं सोनं, लग्नातलं आणि आईने दिलेलं, वजन करून भाव काढला तर १६,०००. तिला वाटलं आता बांगड्या काढून द्याव्या लागणार, त्या दिवशी ती वकिलाच्या ऑफिसात हात पदराखाली घेऊन बसल्यासारखी ओढणीत घेऊन बसली होती. न्यू जर्सीत राज्याच्या सवलती, म्हणजे देणेकऱ्यांपासून वाचवता येणाऱ्या मालमत्तेच्या मर्यादा, अगदीच तुटपुंज्या, घरासाठी होमस्टेड सूट नाहीच म्हटलं तरी चालेल, पण इथे फेडरल सवलती निवडता येतात. १ एप्रिल २०२५ पासून घरातल्या इक्विटीला, म्हणजे किमतीतून कर्ज वजा जाता उरतो त्या भागाला, माणशी ३१,५७५ डॉलर, दोघांनी मिळून अर्ज केला तर ६३,१५०. त्यांची इक्विटी विक्रीचा खर्च वजा जाता ४८,०००, म्हणजे पूर्ण सुरक्षित. दागिन्यांना माणशी २,१२५. आणि घराच्या सवलतीतला न वापरलेला भाग काही मर्यादेपर्यंत कुठल्याही वस्तूला लावता येतो, त्यातून उरलेलं सोनं बसलं आणि बाकीचं दुसऱ्या गाडीला गेलं. बांगड्या हातातच राहिल्या. जमिनीसाठी मात्र सवलत उरली नाही.

आणि भाऊ. अर्ज करायच्या आधीच्या एका वर्षात जवळच्या नातेवाइकाला उसने फेडले असतील तर ट्रस्टी ते परत मागू शकतो, कारण बाकीच्या देणेकऱ्यांना डावलून घरच्या माणसाला दिलं असा त्याचा अर्थ होतो. बाहेरच्या देणेकऱ्याच्या बाबतीत हीच मुदत फक्त ९० दिवस. म्हणजे ऑगस्टमध्ये कार्डांना दिलेले ३०,००० त्यांना पचले आणि भावाला दिलेले ८,००० हिशोबात परत आले. भावावर केस वगैरे झाली नाही, चॅप्टर १३ मध्ये तेवढी रक्कम प्लॅनमध्ये धरून भागवता येतं. पण भावाला फोन करून हे समजावून सांगताना त्याला किती जड गेलं ते मी बघितलंय. अशी वेळ येतेय असं वाटत असेल तर नातेवाइकांचे पैसे फेडायच्या आधी वकिलाला विचारा, फेडणं चांगुलपणाचंच असतं पण वेळ चुकली की त्यांनाच त्रास होतो.

प्लॅन

चॅप्टर १३ चा एक नियम असा की चॅप्टर ७ मध्ये देणेकऱ्यांना जेवढं मिळालं असतं तेवढं तरी इथे मिळायलाच हवं. जमिनीचे ९,००० आणि भावाचे ८,००० मिळून १७,०००. अनसिक्युअर्ड कर्ज अजून ६१,००० उरलं होतं, त्यांना हे १७,००० वाटून जाणार, डॉलरमागे २८ सेंट येतात ते इथून. घराची थकबाकी १४ हप्त्यांचे ३८,५०० आणि बँकेच्या वकिलाचा खर्च, लेट फी वगैरे मिळून ४४,०००. स्वतःच्या वकिलाचे प्लॅनमधून द्यायचे ४,०००. एकूण ६५,०००. वर ट्रस्टीचं कमिशन, जे १० टक्क्यांपर्यंत असतं. ६० महिन्यांत भागिलं की महिन्याला १,२०० च्या आसपास. त्यांचं उत्पन्न न्यू जर्सीतल्या चार जणांच्या कुटुंबाच्या मध्यम उत्पन्नापेक्षा खाली असल्यामुळे ३ वर्षांचा प्लॅनही चालला असता, पण तेव्हा मासिक रक्कम २,००० होते, ते झेपलं नसतं, म्हणून कोर्टाकडून ५ वर्षं मागितली. १,२०० अधिक चालू हप्ता २,७५०, म्हणजे ३,९५०, आणि घर चालवायला ४,००० च्या थोडं वर. ओढाताण आहे पण जमतं.

अर्ज करायच्या आधीच्या १८० दिवसांत क्रेडिट काउन्सेलिंगचा कोर्स करावा लागतो, ऑनलाइन होतो, दोघांनी वेगवेगळा केला. मागच्या ६० दिवसांच्या पे स्टब्ज (पगाराच्या पावत्या), टॅक्स रिटर्न्स, मागच्या चार वर्षांचे भरलेले असायलाच हवेत. फायलिंग फी ३१३ डॉलर. लिलावाच्या पाच दिवस आधी अर्ज पडला आणि त्याच क्षणी ऑटोमॅटिक स्टे लागू झाला, म्हणजे लिलाव, वसुली, फोन, कोर्टातल्या बाकी केसेस सगळं जागच्या जागी थांबलं. वकीलबाईंच्या ऑफिसने शेरिफला आणि बँकेच्या वकिलाला त्याच दुपारी केस नंबर पाठवला. हा नंबर पोचल्याची खात्री करून घ्यायची, लिलावाच्या यादीतून नाव निघालं का ते स्वतः बघायचं.

पुढे देणेकऱ्यांची मीटिंग, आता ती झूमवर असते. एकही देणेकरी आला नाही, बहुतेक वेळा येत नाहीत. ट्रस्टीने ओळखपत्रं बघितली, शपथ दिली, आणि विचारलं की अमेरिकेबाहेर काही आहे का. त्याने जमिनीचं सांगितलं, ट्रस्टी म्हणाला हो, कागदात आहे, आणि पुढच्या प्रश्नावर गेला. काही मिनिटांचं काम. त्या एका प्रश्नाने तो दोन आठवडे झोपला नव्हता.

लोक काय म्हणतील ह्याबद्दल पण लिहिते कारण चार महिने ते ह्याच एका कारणाने वकिलाकडे गेले नाहीत. बँकरप्सीचं रेकॉर्ड पब्लिक असतं, पण ते कोर्टाच्या सिस्टिममध्ये जाऊन शोधावं लागतं. शेरिफ सेलची मात्र जाहिरात येते, पत्त्यासकट. मंडळात कळू नये म्हणून बँकरप्सी टाळायची आणि त्यापायी घराचा पत्ता जाहिरातीत येऊ द्यायचा, हा हिशोब उलटा आहे. नोकरीचं म्हणाल तर निव्वळ बँकरप्सी केली म्हणून मालकाला कामावरून काढता येत नाही, तसं कायद्यातच आहे. क्रेडिट रिपोर्टवर चॅप्टर १३ सहसा ७ वर्षं दिसतं, चॅप्टर ७ दिसतं १० वर्षं. १४ हप्ते चुकल्यावर स्कोअर तसाही काय उरला होता?

कार्डवाल्यांशी परस्पर सेटलमेंट करायचा विचारही मध्ये होऊन गेला होता. त्यात ६०० डॉलर किंवा जास्त माफ झाले की १०९९-सी नावाचा फॉर्म येतो आणि माफ झालेली रक्कम उत्पन्न धरली जाते, तुम्ही दिवाळखोर अवस्थेत होतात हे दाखवता आलं तर सूट मिळते पण ते सिद्ध करत बसावं लागतं. बँकरप्सीत माफ झालेल्या कर्जावर हा टॅक्स नाही.

प्लॅन नोव्हेंबर २०२५ मध्ये मंजूर झाला. पण पहिला हप्ता मंजुरीची वाट न बघता अर्जापासून ३० दिवसांच्या आतच सुरू करावा लागतो, तो त्यांनी केला. आता खरी परीक्षा पाच वर्षांची आहे आणि बरेच प्लॅन मध्येच मोडतात हे मी त्यांना स्पष्ट सांगितलंय. ट्रस्टीचा हप्ता चुकला तर केस डिसमिस होऊ शकते, चालू मॉर्गेज चुकलं तर बँक स्टे उठवायला कोर्टात जाते. डिसमिस झाल्यावर वर्षाच्या आत पुन्हा अर्ज केला तर स्टे फक्त ३० दिवसांचा मिळतो, वाढवून हवा असेल तर त्या ३० दिवसांतच कोर्टाला पटवून द्यावं लागतं. नोकरी परत गेली तर गप्प न बसता लगेच वकिलाला सांगायचं, प्लॅन बदलून घेता येतो. नवीन कर्ज, अगदी गाडीचं सुद्धा, परवानगीशिवाय काढायचं नाही. शेवटचा डिस्चार्ज, म्हणजे उरलेली कर्जं माफ झाल्याचा आदेश, मिळायच्या आधी पैशाच्या नियोजनाचा अजून एक कोर्स करावा लागतो, तो त्यांनी आत्ताच करून टाकलाय.

ट्रस्टीचा हप्ता आता त्याच्या पगारातूनच परस्पर जातो, त्याने स्वतः मागून तसा कोर्टाचा आदेश घेतला. मॉर्गेजचा चालू हप्ता ती भरते, दर महिन्याच्या एक तारखेला, आणि कन्फर्मेशनचा कागद छापून फाइलला लावते. एक गोष्ट अजून लटकलेली आहे. गावाकडे जमिनीच्या वाटणीचं बोलणं सुरू झालंय, आणि ह्या पाच वर्षांत त्याच्या वाट्याला काही जास्त आलं किंवा हिस्सा विकून पैसे मिळाले तर ते कोर्टाला कळवावं लागेल आणि प्लॅनची रक्कम वाढूही शकते. काकांना त्याने सांगितलंय की सही करायच्या आधी कागद मला पाठवा, मी इथल्या वकिलाला दाखवतो. मसुदा अजून यायचाय.